श्वासमार्गातील स्राव : मल ते संरक्षक

निरोगी प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा जाते आणि त्या हवेबरोबर धूळ, काजळी, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू व विषाणूही आत शिरतात. रक्त आणि हवा यांच्यात प्राणवायूची देवघेव जेथे होते त्या वायुकोशांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरते, आणि दोहोंमधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. इतका मोठा व इतका नाजूक पृष्ठभाग बाहेरच्या हवेला सतत उघडा असूनही बहुतेक माणसांची फुफ्फुसे बहुतेक काळ निरोगी राहतात, याचे बरेचसे श्रेय श्वासमार्गाच्या अस्तरावर पसरलेल्या ओलसर, किंचित चिकट स्रावाला जाते. शास्त्रीय परिभाषेत त्याला श्लेष्मा म्हणतात. व्यवहारात तो नाकात शेंबूड, छातीत कफ आणि खोकल्यावाटे बाहेर पडला की बेडका म्हणून ओळखला जातो. त्याची किळस जितकी जुनी, तितकीच त्याला निव्वळ टाकाऊ मानण्याची समजूतही जुनी आहे. हा स्राव म्हणजे शरीरातून झिरपणारा मळ नसून विशिष्ट ग्रंथींनी विशिष्ट कामासाठी तयार केलेले द्रव्य आहे, हे ज्ञान सतराव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने घडत गेले, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर वैद्यकाला एखादी दृढ झालेली समजूत सोडून द्यावी लागली.

प्राचीन ग्रीक वैद्यकात श्लेष्मा हा शरीरातील चार द्रवांपैकी एक मानला जाई आणि थंडपणा व ओलेपणा हे त्याचे गुण समजले जात. मेंदू हा त्याचा उगम असून तेथे साचलेला जादा द्रव खाली उतरतो, नाकात आला की पडसे होते आणि छातीत उतरला की खोकला व फुफ्फुसांचे विकार होतात, अशी उपपत्ती हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत मांडलेली आढळते. दुसऱ्या शतकात गेलेनने तिला शरीररचनेचा आधार दिला. कवटीच्या तळाशी, नाकाच्या छपराजवळ, चाळणीसारखी छिद्रे असलेले एक हाड आहे. त्या छिद्रांतून मेंदूतील मल नाकात गळतो, असे त्याचे म्हणणे होते. आयुर्वेदातील विचार याहून वेगळ्या वाटेने गेला. चरकसंहितेत कफाचे विशेष स्थान उर, म्हणजे छाती, हे सांगितले असून प्राकृत अवस्थेतील श्लेष्मा शरीराचे बल असतो आणि विकृत झाला की तोच मल ठरतो, असा भेद केलेला आहे. वाग्भटाने कफाचे पाच प्रकार सांगताना छातीतील कफाला अवलंबक हे नाव दिले. आयुर्वेदातील कफ ही शरीरभर व्यापलेली संकल्पना असल्याने ती आणि आजच्या शरीरशास्त्रातील ग्रंथींचा स्राव एकच आहेत असे म्हणणे योग्य होणार नाही. तथापि एकच द्रव्य एका अवस्थेत हितकर आणि दुसऱ्या अवस्थेत अहितकर असू शकते, ही त्या भेदामागची दृष्टी मात्र पुढील इतिहास समजून घेताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

युरोपात गेलेनची उपपत्ती सुमारे १,५०० वर्षे टिकली. तिला निर्णायक धक्का जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक कोनराड व्हिक्टर श्नायडर यांनी १६६० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या बहुखंडी लॅटिन ग्रंथात दिला. श्नायडर यांनी त्या चाळणीसारख्या हाडाची बारकाईने तपासणी करून असे दाखवले की त्यातील छिद्रे मोकळी नसून गंधज्ञानाच्या तंतूंनी आणि आवरणांनी भरलेली असतात, आणि त्यामुळे मेंदूतून नाकात कोणताही द्रव उतरण्यास वाटच नसते. मग पडशात वाहणारा स्राव येतो कोठून, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे होते की तो नाकाच्या आतील पातळ अस्तरातच तयार होतो. या अस्तराला श्लेष्मकला म्हणतात, आणि नाकातील श्लेष्मकलेला वैद्यकात आजही श्नायडर यांचे नाव जोडले जाते. पुढच्या दशकात इंग्लंडमधील रिचर्ड लोअर यांनीही या निष्कर्षाला पाठिंबा देणारे लेखन केले. श्लेष्म्याचा उगम मेंदूतून श्वासमार्गात आला, हा या इतिहासातील पहिला मोठा पालट होय. मात्र स्रावाचे प्रयोजन काय, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरितच राहिला.

त्या प्रश्नाकडे जाण्याची वाट १९व्या शतकात सुधारलेल्या सूक्ष्मदर्शकाने मोकळी केली. १८३४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात, यान पुर्किन्ये आणि त्यांचे शिष्य गाब्रिएल व्हॅलेंटीन यांनी सस्तन प्राण्यांच्या श्लेष्मकलेवर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू सतत हलत असल्याचे जाहीर केले. या तंतूंना पक्ष्माभिका म्हणतात. श्वासमार्गाच्या अस्तरातील एकेका पेशीवर अशा सुमारे २०० पक्ष्माभिका असतात, प्रत्येकीची लांबी मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाच्या आसपास असते, आणि सेकंदाला दहा ते पंधरा वेळा त्या एकाच दिशेने, म्हणजे घशाकडे, फटकारा मारतात. प्राणी मेल्यानंतरही त्यांची हालचाल काही काळ चालू राहते, त्यामुळे बेडकाच्या टाळूवर टाकलेले बारीक कण आपोआप पुढे सरकताना पाहणे हा शरीरक्रियाविज्ञानाच्या वर्गातील नेहमीचा प्रयोग होऊन बसला. याच शतकात अस्तरातील पेशींमध्ये अधूनमधून विखुरलेल्या, पेल्याच्या आकाराच्या चषकपेशींचे सविस्तर वर्णन फ्रान्त्स आयलहार्ड शुल्त्से यांनी १८६७ मध्ये केले, तर रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी लाळग्रंथींवर काम करून दाट श्लेष्मा देणाऱ्या पेशी आणि पातळ, पाणीदार स्राव देणाऱ्या सीरस पेशी असा ग्रंथीपेशींमधला भेद स्पष्ट केला. श्वासमार्गाच्या ग्रंथींतही हे दोन्ही प्रकार आढळतात.

या ग्रंथींची रचना जवळून पाहिली म्हणजे त्यांच्या कामाची कल्पना येते. श्वासनलिका आणि तिच्यापासून फुटणाऱ्या, कूर्चेचे आधार असलेल्या मोठ्या शाखा, म्हणजे श्वसन्या, यांच्या अस्तराखाली या ग्रंथी दडलेल्या असतात. कूर्चा संपून बारीक श्वसनिका सुरू झाल्या की त्या सहसा आढळत नाहीत. प्रत्येक ग्रंथीची एक अरुंद नलिका अस्तरावर उघडते, आणि आत खोलवर तिला अनेक फाटे फुटतात. फाट्यांच्या अगदी टोकाशी सीरस पेशी असतात, तर त्यांच्या अलीकडे, बाहेरच्या तोंडाच्या बाजूला, दाट श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींच्या नळ्या असतात. या क्रमाला महत्त्व आहे, कारण टोकाशी निघणारा पाणीदार स्राव बाहेर येताना दाट श्लेष्म्याच्या नळ्यांमधून वाहतो, त्या श्लेष्म्याला पाणी पुरवतो आणि आपल्याबरोबर बाहेर ढकलत नेतो. श्लेष्म्याला चिकटपणा देणारी म्युसिन नावाची प्रथिने, जिवाणूंना मारणारी द्रव्ये, क्षार आणि पाणी हे सारे अशा रीतीने एकाच तोंडातून अस्तरावर येते. तयार झालेल्या श्लेष्म्यात साधारण ९५ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो.

स्राव आणि पक्ष्माभिका यांचे काम एकमेकांवर अवलंबून आहे, हे ए. एम. लुकास आणि एल. सी. डग्लस यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या द्विस्तरीय कल्पनेने नेमके सांगितले. पक्ष्माभिकांच्या भोवती पातळ द्रवाचा थर असतो, त्यात त्या मोकळेपणाने हलू शकतात. त्या थरावर चिकट श्लेष्म्याचा दुसरा थर तरंगतो, आणि पक्ष्माभिकांची टोके त्याला घशाकडे ढकलतात. श्वासाबरोबर आलेले कण व जंतू वरच्या थराला चिकटतात आणि मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर सरकत जाऊन अखेर गिळले जातात. निरोगी माणसाला याची जाणीवही होत नाही. खालचा थर आटला तर पक्ष्माभिका अडकतात, वरचा थर नसला तर कण पकडले जात नाहीत, आणि वरचा थर फार दाट झाला तर तो हलत नाही. श्वासमार्गाच्या अनेक रोगांचे कारण या तीनपैकी एका बिघाडात शोधता येते, हे पुढील काही दशकांत दिसून आले.

तथापि केवळ कण वाहून नेणे हेच स्रावाचे काम नव्हे, हे कळण्यास कारण ठरलेली घटना १९२१च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात घडली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पडसे झाले असताना त्यांनी स्वतःच्या नाकातील स्राव जिवाणूंच्या वाढीसाठी बनवलेल्या काचेच्या थाळीत पसरला. काही दिवसांनी थाळीवर पिवळ्या रंगाच्या जिवाणूंच्या वसाहती उगवल्या, परंतु स्राव जेथे होता त्याच्या आसपासच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन विरघळू लागल्या होत्या. हे जिवाणू पाण्यात मिसळून केलेल्या, दुधासारख्या गढूळ मिश्रणात नाकातील स्रावाचा थोडासा अंश टाकला की शरीराच्या तापमानाला ते मिश्रण काही मिनिटांतच नितळ होई. फ्लेमिंग आणि त्यांचे सहकारी व्ही. डी. ॲलिसन यांनी मग शरीरातील एकेक द्रव तपासला. अश्रू मिळवण्यासाठी लिंबाच्या सालीचा रस डोळ्यांत पिळला जाई. अश्रू, लाळ आणि बेडका यांत हे द्रव्य सापडले, आणि कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या बलकात तर ते विपुल प्रमाणात आढळले. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याला लायसोझाइम हे नाव दिले गेले.

या शोधाचे स्वागत थंडपणे झाले, आणि त्याला कारणही होते. लायसोझाइमने सहज मरणारे जिवाणू प्रामुख्याने निरुपद्रवी होते, तर न्यूमोनिया किंवा क्षय यांसारखे रोग करणाऱ्या जिवाणूंवर त्याचा प्रभाव अत्यल्प दिसे; त्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग होईना. परंतु याच वस्तुस्थितीचा दुसरा अर्थ फ्लेमिंग यांनी ओळखला होता. जे जिवाणू या द्रव्याने मरतात ते शरीरात शिरकाव करू शकत नाहीत म्हणूनच निरुपद्रवी ठरतात, आणि जे त्याला दाद देत नाहीत तेच रोगकारक म्हणून वैद्यांच्या नजरेस पडतात. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर स्रावाचे यश दिसत नाही, त्याचे अपयश तेवढे रोग म्हणून दिसते. श्वासमार्गाच्या स्रावात जिवाणूंचा नाश करण्याची स्वतःची क्षमता आहे, हे प्रथमच प्रयोगाने सिद्ध झाले होते.

या संशोधनाचा धागा पुढे हॉवर्ड फ्लोरी यांनी उचलला. ऑस्ट्रेलियात जन्मलेले फ्लोरी १९२०च्या दशकाच्या अखेरीस श्लेष्म्याच्या संरक्षक कार्याचा अभ्यास करू लागले आणि १९३० मध्ये गोल्ड्सवर्दी यांच्यासह त्यांनी श्लेष्म्याच्या जिवाणूविरोधी गुणांवर निबंध प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये कार्लटन आणि वेल्स यांच्या साथीने त्यांनी श्वासनलिकेतील स्रावावर काम करून असे दाखवले की मेंदूपासून छातीत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला चेतना दिली की ग्रंथींचा स्राव वाढतो. म्हणजे ग्रंथी आपोआप पाझरत नसून मज्जासंस्थेच्या आज्ञेनुसार स्रवतात. १९३५ मध्ये ऑक्सफर्डला गेल्यावर फ्लोरी यांनी लायसोझाइमचे रासायनिक स्वरूप उलगडण्याचे काम सहकाऱ्यांकडे सोपवले. १९३७ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळाले, आणि एर्न्स्ट चेन यांनी एप्स्टाइन यांच्यासह लायसोझाइम जिवाणूच्या कोणत्या भागावर आघात करते याचा शोध घेतला. याच कामाच्या ओघात जिवाणूविरोधी नैसर्गिक द्रव्यांवरील जुने साहित्य चाळताना चेन यांच्या हाती फ्लेमिंग यांचा पेनिसिलीनवरील १९२९चा निबंध लागला, आणि १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या चमूने उंदरांवरील प्रयोगांत पेनिसिलीनचे सामर्थ्य सिद्ध केले. पेनिसिलीनची कथा सर्वतोमुखी झाली. तिचे एक मूळ नाकातील स्रावाच्या अभ्यासात आहे, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

ग्रंथींवरील मज्जातंतूंचे नियंत्रण समजण्यापूर्वीच त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या वनस्पती भारतीयांच्या वापरात होत्या. धोत्र्याचा धूर दम्यावर घेण्याची पद्धत १९व्या शतकाच्या आरंभी मद्रासमार्गे ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथे दम्याच्या औषधी सिगारेटी प्रचारात आल्या. धोत्र्यातील ॲट्रोपीनसारखी द्रव्ये व्हेगसचा संदेश अडवतात, त्यामुळे आकसलेल्या श्वसन्या सैल होतात, पण त्याचबरोबर स्रावही आटतो. महाराष्ट्रात कुंपणाला सर्रास लावला जाणारा अडुळसा याच्या उलट गुणाचा. खोकल्यात अडकलेला कफ सुटावा म्हणून त्याच्या पानांचा रस किंवा काढा देण्याची प्रथा जुनी आहे. त्यातील व्हासिसीन हे अल्कलॉइड १९व्या शतकात वेगळे करण्यात आले, कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांनी १९२०च्या दशकात त्याचा औषधशास्त्रीय अभ्यास केला, आणि त्याच्या रचनेवरून जर्मनीत तयार झालेले ब्रोमहेक्झीन १९६०च्या दशकात बाजारात आले. कफ पातळ करण्यासाठी आज दिले जाणारे ॲम्ब्रोक्सॉल हे ब्रोमहेक्झीनपासूनच निघाले आहे.

दरम्यान स्रावातील इतर संरक्षक घटकही एकेक करून उजेडात येत गेले. लायसोझाइमची त्रिमितीय रचना १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. अशी रचना ज्ञात झालेले ते पहिलेच एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. जिवाणूच्या भिंतीत साखरेच्या रेणूंची जी साखळी असते तिच्यातील एक ठरावीक दुवा ते तोडते आणि भिंत ढासळली की जिवाणू फुटतो. १९६६ मध्ये बेल्जियममधील मासों, हेरेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह बांधून ठेवणारे एक प्रथिन शरीराच्या अनेक बाह्य स्रावांत असल्याचे दाखवले. लॅक्टोफेरिन नावाचे हे प्रथिन जिवाणूंना वाढीसाठी लागणारे लोह मिळू देत नाही. शिवाय ज्या जिवाणूंची भिंत बाहेरच्या आणखी एका आवरणाने झाकलेली असते त्यांच्या त्या आवरणाला ते इजा पोहोचवते, त्यामुळे एरवी लायसोझाइमला दाद न देणारे जिवाणूही त्याच्या तावडीत सापडतात. १९६०च्या दशकातच अमेरिकेत थॉमस टोमासी यांनी बाह्य स्रावांतील प्रतिपिंडांचे वेगळे स्वरूप स्पष्ट केले. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट जंतूला ओळखून चिकटणारे प्रथिन. ग्रंथींभोवती जमलेल्या पेशी आयजीए या वर्गाचे प्रतिपिंड तयार करतात आणि ग्रंथीच्या पेशी ते आतून बाहेर वाहून स्रावात सोडतात. लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही दोन्ही प्रामुख्याने सीरस पेशींतून येतात, हेही पुढे स्पष्ट झाले.

संरक्षणासाठी असलेल्या या ग्रंथीच अतिरेकी होऊ शकतात, याचा धडा औद्योगिक शहरांनी दिला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले आणि त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यातले बरेच जण जुनाट खोकला व कफाचे रुग्ण होते. अशा रुग्णांच्या श्वसन्यांचा अभ्यास करणाऱ्या, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या शरीरविकृतिशास्त्रज्ञ लिन रीड यांनी १९६० मध्ये एक साधे मोजमाप सुचवले. श्वसनीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अस्तराच्या तळापासून कूर्चेपर्यंतची जाडी मोजायची आणि त्या जाडीचा किती अंश ग्रंथींनी व्यापला आहे ते पाहायचे. निरोगी श्वसनीत हे गुणोत्तर ०.४ पेक्षा कमी भरे, तर जुनाट श्वसनीदाह असलेल्यांत ते त्याहून वर जाई. ग्रंथींचे एकूण आकारमान चषकपेशींच्या सुमारे ४० पट असल्याचा रीड यांचा अंदाज होता, आणि त्यामुळे मोठ्या श्वासमार्गातील स्रावाचा मुख्य स्रोत ग्रंथी आहेत हे ठरले. रीड निर्देशांक या नावाने ते मोजमाप आजही विकृतिशास्त्रात शिकवले जाते.

धुराचा हा परिणाम कारखान्यांच्या शहरांपुरता मर्यादित नव्हता. १९५९ मध्ये एस. पद्मावती आणि एस. एन. पाठक यांनी दिल्लीतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फुफ्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेल्या रुग्णांमध्ये धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आढळले आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवले गेले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांतही श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट विकार मोठ्या प्रमाणावर होतो आणि लाकूड, गोवऱ्या व इतर जैविक इंधनांचा धूर हे त्याचे मोठे कारण असू शकते, असा सविस्तर आढावा मांडला. धुराच्या सततच्या माऱ्याने ग्रंथी फुगतात, चषकपेशी वाढतात आणि पक्ष्माभिका दुबळ्या होतात. जादा श्लेष्मा तयार होतो पण वर सरकत नाही, आणि साचलेल्या श्लेष्म्यात जिवाणू तळ ठोकतात.

स्राव कमी-अधिक होण्याबरोबरच त्याची घडण बिघडली तर काय होते, हे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाने दाखवले. न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. अशा मुलांच्या श्वासमार्गात घट्ट श्लेष्मा साचतो, त्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू कायमचे वस्ती करतात, आणि पूर्वी ही मुले लहानपणीच दगावत. १९५३ मध्ये त्यांच्या घामात मीठ जास्त असते हे दिसले, १९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी घामग्रंथीतून क्लोराइड नीट जाऊ शकत नाही हा मूळ दोष दाखवला, आणि १९८९ मध्ये संबंधित जनुक सापडले. श्वसन्यांमध्ये या जनुकाचे प्रथिन प्रामुख्याने ग्रंथींत, विशेषतः सीरस पेशींत, आढळते असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोराइड बाहेर आले नाही की पाणीही पुरेसे येत नाही. हाच दोष असलेली डुकरे २००८ मध्ये अमेरिकेत तयार करण्यात आली, आणि त्यांच्यावरील अभ्यासांत दोन गोष्टी दिसल्या: स्राव नेहमीपेक्षा आम्ल झाल्याने त्याची जिवाणू मारण्याची शक्ती घटते, आणि ग्रंथीच्या तोंडातून निघणारे श्लेष्म्याचे धागे तुटून मोकळे होण्याऐवजी तोंडालाच अडकून राहतात. हा रोग भारतात होत नाही असा समज बराच काळ होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून येथेही रुग्ण नोंदले जाऊ लागले.

ग्रंथीच नसतील तर काय, या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच आनुवंशिक दोषाने दिले. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव प्राणी व वनस्पतींतील बदलांवरील आपल्या ग्रंथाच्या १८७५च्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्या कुटुंबातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना अगदी मोजके दात होते, अंगावर केस तुरळक होते आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेचा त्यांना फार त्रास होई. मुलींना हा दोष नसे, परंतु त्यांच्याकडून तो मुलग्यांत उतरे. या वर्णनाशी जुळणाऱ्या विकाराचे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले. गर्भावस्थेत दात, केस आणि घामग्रंथी तयार होण्यासाठी जो रासायनिक संदेश लागतो तोच श्वासमार्गाच्या ग्रंथी घडण्यासाठीही लागतो, असे पुढे दिसून आले. डार्विन यांच्या नोंदीत श्वसनाच्या आजारांचा उल्लेख नाही. पण आधुनिक काळात तपासलेल्या अशा काही रुग्णांच्या श्वासमार्गात ग्रंथी नसल्याचे आढळले असून त्यांना श्वसनाचे संसर्ग वारंवार होतात. त्याच जनुकात दोष असलेल्या कुत्र्यांतही श्वासनलिकेत व श्वसन्यांत ग्रंथी नसतात आणि फुफ्फुसांचे संसर्ग होतात. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी या चित्रात आणखी भर घातली. म्युसिनच्या दोन प्रमुख प्रकारांपैकी, माणसाच्या ग्रंथींतून मुख्यत्वे येणारे ५बी हे म्युसिन उंदरांत नाहीसे केले असता त्यांच्या श्वासमार्गात कण व जिवाणू साचून ते संसर्गाने मरू लागले. दुसरे, ५एसी हे म्युसिन काढले तर तसे झाले नाही.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की श्वासमार्गाचे संरक्षण कोणा एका द्रव्यावर नव्हे, तर पाणी, म्युसिन, क्षार, जिवाणूनाशक प्रथिने आणि पक्ष्माभिका यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते, आणि प्रमाण बिघडले की संरक्षक स्रावच रोगाचे घर बनतो. म्हणून कफ दिसताच तो दाबून टाकणे किंवा जुनाट कफाला सवयीचा म्हणून सोडून देणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अयोग्य आहेत. सलग दोन वर्षे, वर्षातून तीन महिने बहुतेक दिवस खोकल्यावाटे कफ पडत असेल तर वैद्यकाच्या व्याख्येनुसार तो जुनाट श्वसनीदाह असू शकतो आणि त्याची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. आनुवंशिक दोष टाळणे माणसाच्या हाती नाही. परंतु बिडी-सिगारेटचा, चुलीचा आणि उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याचा धूर कमी करणे हाती आहे, आणि श्वासमार्गाच्या ग्रंथींना आपले काम नीट करू देण्याचा त्याहून खात्रीचा दुसरा उपाय नाही.